संगणकाच्या खोलीची किल्ली

शाळेत संगणक किती, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. यू-डायसच्या माहितीत तो आकडा भरावा लागतो, आणि पुढे त्याला विद्यार्थिसंख्येने भागून किंवा त्याने विद्यार्थिसंख्येला भागून एक गुणोत्तर काढले जाते: इतक्या विद्यार्थ्यांमागे एक संगणक. गुणोत्तर सुधारले की प्रगती झाली असे समजतात. भाषणात ते शोभून दिसते आणि तक्त्यातही बसते. आमच्या मते हे गुणोत्तर चुकीची राशी मोजते. पैसा कमी असलेल्या शाळेला तर ते चुकीच्या वाटेनेच नेते. ते कसे, हे आधी हिशेबाने पाहू, मग प्रत्यक्ष प्रयोगांत काय दिसले ते पाहू.

एक शाळा घेऊ. पाचवी ते नववी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, तुकडीत ५० मुले. (दहावीला संगणकाच्या खोलीत कोणी पाठवत नाही. बोर्डाचे वर्ष असते!) म्हणजे १० तुकड्या आणि ५०० मुले. संगणक १०. गुणोत्तर ५० ला १. प्रत्येक तुकडीला आठवड्यात संगणकाच्या दोन तासिका मिळतात. तासिका ३५ मिनिटांची. रांगेने जाणे, चपला काढणे, यंत्रे सुरू होणे यात १० मिनिटे जातात आणि २५ उरतात. एका यंत्राभोवती पाच मुले. सर्वांना सारखी संधी मिळाली असे धरले, तर प्रत्येकाच्या हाती माउस पाच मिनिटे येतो. आठवड्याला १० मिनिटे झाली. परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वगळून वर्षाचे ३० आठवडे धरले, तर वर्षाकाठी पाच तास. दोन संगणक बिघडलेले असले तर चार तास.

आता हे वाढवायचे कसे? गुणोत्तराकडे पाहणारा म्हणेल की आणखी १० संगणक घ्या. गुणोत्तर २५ ला १ होईल आणि प्रत्येकाची १० मिनिटे दर आठवड्याला २० होतील. हिशेब बरोबर आहे. परंतु दहा तुकड्यांच्या दोन-दोन तासिका म्हणजे आठवड्याला २० तासिका झाल्या. शनिवारची अर्धी शाळा धरून आठवड्यात तासिका असतात ४५ च्या आसपास. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ ते १० संगणक रिकामे बसलेले आहेत. तुकडीचे दोन भाग करून २५-२५ मुले पाठवली, तर तासिका लागतील ४०, त्या बसतात, आणि प्रत्येकाला मिळतील तीच २० मिनिटे. एकही यंत्र न घेता.

अर्थात हे फुकट होत नाही. उरलेल्या २५ मुलांपाशी कोणीतरी हवे, आणि संगणकाच्या खोलीतही कोणीतरी हवे. म्हणजे टंचाई आहे ती शिक्षकाच्या तासांची. गुणोत्तरात ती कुठेच दिसत नाही, म्हणून आपण ती यंत्रे विकत घेऊन भरून काढू पाहतो. यंत्राला अनुदान मिळते, देणगीदार मिळतो, उद्‌घाटनाला पाहुणेही मिळतात. आठवड्याच्या वीस तासिकांना देणगीदार मिळत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. सन २००० मध्ये गुजरात सरकारने वडोदरा शहरातील १०० महापालिका प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. २००२ च्या जूनमध्ये ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा फारच थोड्या शाळा ते वापरत असल्याचे आढळले. काही संगणक पोचलेच नव्हते. जे पोचले होते त्यांतले बरेचसे चालवणारे कोणी नाही म्हणून खोक्यांतच होते. गुणोत्तर मात्र सुधारलेले होते.

पुढे जे झाले ते अधिक बोधप्रद आहे. ‘प्रथम’ने याच खोक्यांतल्या यंत्रांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचा कार्यक्रम सुरू केला. वस्तीतल्याच तरुणांना पाच दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळांत पाठवले. प्रत्येक मुलाला आठवड्यात दोन तास, एक शाळेच्या वेळात आणि एक शाळेआधी किंवा नंतर. एका संगणकावर दोन मुले. गणिताचे खेळ असे की मूल जसे सोडवील तशी काठिण्यपातळी बदलावी. कोणत्या शाळांत कार्यक्रम व्हायचा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवले, म्हणजे तुलना निर्दोष राहील. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यामुळे हा अभ्यास आता सभांतून वरचेवर उद्धृत होतो.

निष्कर्ष असा: पहिल्या वर्षी गणितातील गुण ०.३५ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.४७ ने. प्रमाण विचलन हा शब्द वर्गात फारसा येत नाही, म्हणून दुसऱ्या रीतीने सांगू. १०० मुलांना गुणांप्रमाणे रांगेत उभे केले आणि अगदी मधल्या मुलाला या कार्यक्रमाचा लाभ झाला, तर ते ५० व्या जागेवरून पहिल्या वर्षी सुमारे ६४ व्या आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ६८ व्या जागेवर जाईल. ही वाढ लहान नाही. शालेय शिक्षणातले फार थोडे उपाय इतके यश दाखवतात.

संगणकाचे समर्थक येथे थांबतात. आम्हांला पुढची तीन वाक्ये अधिक महत्त्वाची वाटतात. एक, भाषेच्या गुणांवर काहीही परिणाम झाला नाही. दोन, कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने ही वाढ ओसरून ०.१ प्रमाण विचलनाच्या आसपास आली, म्हणजे आपले मधले मूल ५४ व्या जागेवर परतले. तीन, त्याच अभ्यासात ‘बालसखी’ नावाचा दुसरा कार्यक्रमही तपासला होता, मुंबईत आणि वडोदऱ्यात. त्यात यंत्र नव्हते. वस्तीतली शिकलेली तरुणी वर्गातील मागे पडलेली १५-२० मुले रोज दोन तास वेगळी बसवून त्यांना पायाभूत वाचन-गणित शिकवी. त्याचा परिणाम दुसऱ्या वर्षी ०.२८. संगणकापेक्षा कमी. (ओसरला तोही.) पण खर्च पाहा. संगणकाच्या कार्यक्रमाला दर मुलामागे वर्षाला सुमारे १५ डॉलर पडले, बालसखीला सव्वादोन. रुपयामागे किती शिकणे, असा हिशेब मांडला तर बालसखी कितीतरी पुढे जाते. पैसा कमी असलेल्या शाळेने पाहायचा आकडा तो आहे.

खुद्द अभ्यासाबद्दलही एक शंका नोंदवली पाहिजे. कार्यक्रम असलेल्या शाळांची तुलना कार्यक्रम नसलेल्या शाळांशी केली गेली. त्यामुळे यंत्र, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि शाळेबाहेरचा जादा तास या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात आल्या. गुण वाढले ते गाठोड्यामुळे, एवढे निश्चित. त्यातला यंत्राचा वाटा किती, हे त्या तुलनेतून निघत नाही. प्रयोगशाळेत एका वेळी एकच चल बदलावे असे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. शाळांत ते पाळणे अवघड असते हे मान्य, पण निष्कर्ष सांगताना तरी त्याची आठवण ठेवावी.

या शंकेचे अर्धे उत्तर लिंडेन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात सापडते. गुजरातेतील ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत दुसरी-तिसरीच्या मुलांना गणिताचा संगणक-कार्यक्रम दोन प्रकारे दिला. काही ठिकाणी शाळेच्या वेळातच, म्हणजे शिक्षिकेच्या शिकवण्याचा काही भाग काढून. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, जादा. २००८ मधील त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे जादा दिलेल्या ठिकाणी गुण ०.२८ ने वाढले, आणि शिकवण्याच्या जागी दिलेल्या ठिकाणी ०.५७ ने घटले. मधले मूल ५० वरून सुमारे २८ व्या जागेवर! यंत्र आणि त्यातील धडे मात्र तेच. वर्गात चांगले शिकवले जात असेल तर यंत्राने काढून घेतलेला तास महाग पडतो.

वेळापत्रक करणाऱ्या मुख्याध्यापकांनी हा आकडा लक्षात ठेवावा असे आम्हांला वाटते. संगणकाची तासिका कोणत्या विषयातून काढली, हा प्रश्न शाळेत सहसा कोणी विचारत नाही. ती बहुधा चित्रकला, कार्यानुभव किंवा खेळ यांच्यातून निघते. ते विषय तक्रार करीत नाहीत.

आता खोक्यांकडे परत जाऊ. चालवणारे कोणी नव्हते हे कारण खरे, पण पुरते नव्हे. आम्ही कामानिमित्त ज्या शाळांत गेलो त्यांतल्या अनेक ठिकाणी चालवू शकणारे शिक्षक होते, खोली होती, वीज होती, आणि तरी दाराला कुलूप होते. किल्ली कोणाकडे, असे विचारले की उत्तराला थोडा वेळ लागे. एके ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात, तो खणही कुलूपबंद. याला आळस म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. संगणक शाळेत आला की त्याची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत होते. तपासणीत ती नोंदवही आणि खोलीतील वस्तू ताडून पाहतात. वस्तू जागेवर आहे, ठीक आहे. ती हरवली वा मोडली, तर खुलासा द्यावा लागतो आणि प्रसंगी वसुलीची टांगती तलवार राहते. मोडकी वस्तू काढून टाकायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव करा, त्याच्या मागे लागा. ती वस्तू मुलांनी किती तास वापरली याचा रकाना मात्र त्या नोंदवहीत नसतो. अशा व्यवस्थेत वापरून बिघडलेले यंत्र हा दोष ठरतो आणि न वापरता टिकलेले यंत्र हा गुण ठरतो. मुख्याध्यापक कुलूप लावतात ते व्यवस्थेने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर म्हणूनच.

त्यात यंत्राची गंमत अशी की ते कुलपातही म्हातारे होते. फळा दहा वर्षे वापरला नाही तरी फळाच राहतो. संगणकाच्या यूपीएसमधील शिसे-आम्ल बॅटरी वापरा वा न वापरा, तीन-चार वर्षांत संपते. विनावापर पडून राहिली, आपोआप विसर्जित होत गेली, तर त्याआधीच. धूळ, दमट हवा आणि उंदीर आपापले काम करतात.

चालू ठेवायला खर्च किती? आपल्या काल्पनिक शाळेचाच हिशेब करू. दहा यंत्रांना मिळून सुमारे एक किलोवॅट. आठवड्याच्या ४० तासिका म्हणजे २३ तास २० मिनिटे, ३० आठवड्यांचे ७०० तास, म्हणजे ७०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ७,००० रुपये. बॅटऱ्या, कळफलक, माउस, एखादा पॉवर सप्लाय यांसाठी त्याहून अधिकच बाजूला काढावे लागतील. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे २५० ते १००० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाचे संयुक्त शाळा अनुदान ७५,००० रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर, आणि उरलेल्यात खडूपासून नळदुरुस्तीपर्यंत सगळे. संगणकाचा खर्च त्यात बसू शकतो, पण तो आधी ठरवून बाजूला काढला तर. खरेदीच्या दिवशी हा आकडा कोणी मांडत नाही, याबद्दल आमची तक्रार आहे. केरळने या बाबतीत शहाणपणा दाखवला. तेथे शाळेतल्याच एका शिक्षकाकडे संगणक-समन्वयाचे काम नेमून दिले, मुक्त आज्ञावली स्वीकारून परवान्यांचा खर्च वाचवला, २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या मंडळांतून विद्यार्थ्यांनाच यंत्रांच्या देखभालीत घेतले, आणि मोठी खरेदी केली तेव्हा पाच वर्षांची हमी मागून घेतली. केरळइतका पैसा सर्वांकडे नसतो हे खरे, परंतु यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना मोठा पैसा लागत नाही.

कुलूप निघाले की दुसरा प्रश्न सुरू होतो. वर आम्ही ‘सर्वांना सारखी संधी मिळाली असे धरले तर’ असे म्हटले. तशी ती मिळत नाही. एका यंत्रापुढे पाच मुले बसली की माउस एकाच्या हाती स्थिरावतो. बहुधा ज्याच्या घरी संगणक आहे त्याच्या, किंवा ज्याचा कोपर मजबूत आहे त्याच्या. उरलेल्यांतली दोघे त्याला सूचना देतात. कडेची दोघे खिडकीबाहेर पाहतात, आणि आम्ही पाहिले त्या वर्गांत या कडेच्या जागांवर मुली अधिक होत्या. पाच मिनिटांची सरासरी म्हणजे एकाला वीस आणि एकाला शून्य.

मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन शाखेतील उदय सिंह पवार, जॉयजीत पाल, केंटारो टोयामा आदींनी २००६-०७ च्या सुमारास यावर एक साधा उपाय करून पाहिला: एकाच संगणकाला अनेक माउस जोडायचे, पडद्यावर प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण. ग्रामीण शाळांतील ११-१२ वर्षांच्या मुलांना इंग्रजी शब्द शिकवण्याचा खेळ दिला. सर्वांनी बरोबर उत्तरावर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा नियम ठेवला, तेव्हा यंत्र वाटून घेणारी मुले स्वतंत्र यंत्र मिळालेल्या मुलांइतकीच शिकली. पहिली टिचकी ज्याची तो जिंकला, असा नियम केला की मुलगे भराभर टिचक्या मारू लागले आणि शिकणे मागे पडले. पाठांतरासारख्या कामापुरताच हा निष्कर्ष आहे, पण वाटून घेण्याचा नियम काय यावर सारे अवलंबून असते हे त्यातून स्वच्छ दिसते. माउस न वाढवताही असा नियम करता येतो. दर पाच मिनिटांनी घंटी, जागा बदलायची. आणि ज्याच्या हाती माउस आहे त्याने स्वतःच्या मनाने काही करायचे नाही, शेजारचा सांगेल तेच करायचे. सांगणाऱ्याला नीट सांगावे लागते, आणि ‘ते तिथे दाब’ एवढ्यावर भागत नाही.

महाग यंत्र अनेकांनी वाटून घेणे ही आम्हां संशोधकांना नवी गोष्ट नाही. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. ती कोणा एका शास्त्रज्ञाची नाही. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात, समिती ते तपासते आणि ज्याला वेळ मिळेल त्याला मोजके तास मिळतात. ज्याला आठ तास मिळणार आहेत तो महिने-महिने आधी तयारी करतो: कोणता स्रोत, कोणती वारंवारता, आकाशात तो केव्हा वर येतो. निरीक्षण संपले की पुढचे काही महिने आकडेमोड. दुर्बिणीपुढे जाणारा वेळ हा कामाचा सर्वांत छोटा भाग. लहान प्रयोगशाळेतही सामायिक यंत्राशेजारी एक वही असते. कोण, केव्हापासून केव्हापर्यंत, कशासाठी, आणि यंत्रात काही वेगळे आढळले का. ही वही कोणाला पकडण्यासाठी नसते. यंत्र बिघडण्याआधी कुरकुरू लागले होते हे तिच्यातून कळते.

शाळेच्या संगणकालाही अशी वही हवी, आणि ती मुलांनी लिहावी. तारीख, तुकडी, यंत्र क्रमांक, बसलेल्यांची नावे, प्रत्येकाची मिनिटे, तक्रार. महिन्याच्या शेवटी नववीच्या मुलांनी सांख्यिकीचा गृहपाठ म्हणून त्याची वारंवारता सारणी करावी. सरासरी काढावीच, पण शून्य मिनिटांची मुले किती तेही मोजावे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे जडवस्तुसंग्रह नोंदवहीबरोबर ही वहीही ठेवावी. त्यांनी मागितली नसली तरी.

आणि तयारी? संगणकाच्या तासिकेत जे होते त्यातले बरेचसे संगणकाविना होण्यासारखे असते. पाठ्यपुस्तकातील मजकूर पडद्यावर दाखवणे हे पुस्तकाचे काम आहे. एकच चालू यंत्र असेल तर त्याचा उपयोग उपकरण म्हणून करावा, असा आमचा आग्रह आहे. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटरने शाळा-महाविद्यालयांसाठी ‘एक्सपआइज’ हे स्वस्त उपकरण याच विचाराने बनवले. ते नसले तरी साधा मायक्रोफोन आणि ऑडॅसिटी ही मोफत आज्ञावली पुरते.

टेबल टेनिसचा चेंडू किंवा काचेची गोटी फरशीवर मीटरभर उंचीवरून सोडा आणि आवाज ध्वनिमुद्रित करा. पडद्यावर प्रत्येक उसळीची एक टोकदार रेघ दिसेल. दोन रेघांमधील काळ हजारांश सेकंदापर्यंत वाचता येतो, घड्याळाने हे कधीच जमले नसते. समजा पहिल्या तीन उसळ्यांचे काळ ०.७२, ०.५८ आणि ०.४६ सेकंद आले. हे आकडे फळ्यावर लिहा आणि संगणक बंद करा. चेंडू निम्मा काळ वर जातो आणि निम्मा खाली येतो, यावरून प्रत्येक उसळीची उंची काढता येते. पहिल्या उसळीची येईल ६३-६४ सेंटिमीटर. लागोपाठच्या दोन काळांचे गुणोत्तर काढले तर ते दोन्ही वेळा सुमारे ०.८ येते. तसे का यावे? फरशीऐवजी सतरंजी असेल तर? चेंडू दुप्पट उंचीवरून सोडला तर गुणोत्तर बदलेल काय? प्रत्येक गटाने आधी आपला अंदाज वहीत लिहायचा आणि मगच पुढचे मुद्रण मागायचे.

यंत्र चालते दहा मिनिटे. पन्नास मुलांना दोन तासिका पुरत नाहीत.